पहिले पुस्तक कोणत्या वयात आले? आपापले अनुभव लिहावेत

लक्ष्मीनगरची आजी:
आमच्या इमारतीतील अकरा वर्षांच्या मुलाने परवा भूतकथांची भरलेली वही माझ्यापुढे ठेवली आणि "आजी, हे पुस्तक कोण छापेल?" असे इतक्या व्यवहारी सुरात विचारले की मला माझीच वणवण आठवली, फरक एवढाच की ती मी साठी उलटल्यावर केली होती. नोकरीत असताना माझ्या कथा दिवाळी अंकांत अधूनमधून येत, परंतु स्वतंत्र पुस्तक काढणे हे निराळेच प्रकरण निघाले. एका प्रकाशकांनी हस्तलिखित बराच काळ ठेवून घेतले आणि कथा चांगल्या आहेत, पण कथासंग्रह खपत नाहीत, असे सांगून परत केले. (मग काय खपते, हे त्यांनी सांगितले नाही.) पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना कळली, जी नवलेखकाच्या पहिल्याच पुस्तकाच्या प्रकाशनाला साहाय्य करते, आणि माझा संग्रह त्या वाटेने आला. वाट पाहावी लागली, पण खिशाला झळ बसली नाही. आपल्यापैकी कोणाचे पहिले पुस्तक केव्हा आणि कसे आले, ते सविस्तर लिहावे.

इतवारीकर:
काकू, माझ्याकडे तेवढा धीर नसल्यामुळे मी निवृत्तीच्या पैशांतून नर्मदा परिक्रमेचे वर्णन स्वखर्चाने छापले. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा धरतात. माझा मजकूर 137 पानांवर गेला होता, म्हणजे आठ फर्मे भरून नवव्यात जेमतेम नऊ पाने. ती नऊ पाने कमी केली तर एक पूर्ण फर्मा वाचेल, असे छापखान्याच्या मालकांनी सुचवले आणि मी कात्री चालवली. गाळलेला बहुतेक भाग धर्मशाळांतील जेवणाचा असल्याने वाचकांचे नुकसान झाले नाही, असे सौ.चे मत आहे. प्रती किती, कागद कोणता, मुद्रितशोधन किती वेळा आणि न विकलेल्या प्रती कोणाच्या ताब्यात, हे सारे आधी लेखी घ्यावे. उरलेले गठ्ठे आमच्या दिवाणात आहेत आणि रजया कपाटावर गेल्या आहेत.

महालचा डीटीपीवाला:
नव्याने लिहिणाऱ्यांना एकच विनंती आहे की मजकूर युनिकोडमध्ये टंकून द्यावा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला र तर हमखास बिघडतो. शेवटचे मुद्रितशोधन पाने लागल्यानंतर, कागदावर छापून घेऊनच करावे, कारण पडद्यावर जे डोळ्यांतून निसटते ते कागदावर सापडते.

बर्डीवरून वाचक:
लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला, हे आजींनी त्या मुलाला अवश्य सांगावे. अशा चर्चेत लोक बहिणाबाईंचेही नाव घेतात, पण मला त्या उदाहरणाने दिलासा मिळत नाही; त्या 1951 मध्ये गेल्या आणि कविता 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या उतरवून ठेवल्या नसत्या, तर तेही झाले नसते.

अजनीचा कवी:
माझे पहिले पुस्तक म्हणजे बत्तीस पानांची, मधोमध पिना मारलेली कवितांची पुस्तिका होय. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि प्रकाशन समारंभ वगैरे परवडण्यासारखा नव्हता, म्हणून अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर एका ओळखीच्या स्टॉलच्या कोपऱ्यावर ती मांडली. 1956 च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ येणारे लोक परत जाताना पुस्तके घेऊन जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मराठीत वाचक नाहीत हे रडगाणे पटत नाही. यवतमाळकडच्या एका मावशींनी पैसे देण्यापूर्वी नातीकडून एक कविता मोठ्याने वाचून घेतली, मग दुसरीही वाचायला लावली आणि नंतर दोन प्रती घेतल्या. एवढी कसून परीक्षा पुढे एकाही समीक्षकाने घेतली नाही.

धंतोलीचे वकील:
आजी, त्या मुलाच्या कथांवर स्वामित्व त्याचेच आहे. कॉपीराइट कायदा, 1957 लेखकाचे वय पाहत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार टिकत नाही, म्हणून प्रकाशकाशी करार त्याच्या पालकांनी करावा. मोठ्यांनीही करारातील मुदत नीट पाहावी. हक्क लेखी दिले असतील पण मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे मानतो. 'कायमचे हक्क' असे शब्द दिसले तर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी.

प्रतापनगरहून:
आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो विनाशुल्क देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवण्याची तरतूद 1954 च्या कायद्यात आहे. स्वतः प्रकाशक झालेले लेखक हे हमखास विसरतात. बाकी, इतवारीकर, परिक्रमेच्या पुस्तकाची एक प्रत मला हवी आहे. मी इतवारीत येऊ का?

इतवारीकर:
आपण कशाला त्रास घेता, मीच आणून देतो. शेजाऱ्यांसाठी म्हणून आणखी दोन घेतल्यात, तर निदान एक रजई खाली येईल.