भाजलेल्या कामगाराचा फोटो ग्रुपवर टाकून त्याला मदत होते का?

कुपवाडकर:
नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यात शाळगाव एमआयडीसीतल्या खत कारखान्यात वायुगळती होऊन माणसं दगावली, तेव्हापासून हा विषय मनात आहे. कुठंही स्फोट झाला, गळती झाली की सांगली-मिरजेच्या ग्रुपवर आधी येतो तो भाजलेल्या माणसाचा फोटो. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते, माणूस अजून सिव्हिलमध्ये जिवंत असतो. माझ्या मते असे फोटो बंदच झाले पाहिजेत. रक्ताचा गट, दवाखाना, तारीख, वेळ लिहा. वेळ न घातलेला मेसेज वर्षभर फिरतो आणि नातेवाइकांचा फोन वाजतच राहतो.

वारणाकाठ:
दादा, नाही पटलं. ७ मे २०२० ला पहाटे विशाखापट्टणमला स्टायरिन या रसायनाची गळती झाली, तेव्हा रस्त्यात कोसळणारी माणसं साऱ्या देशानं मोबाइलवर बघितली. भोपाळला १९८४ मध्ये डॉक्टरांनाच कळेना की वायू कोणता आणि उतारा काय. १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि बहुतेक जखमींच्या हातात २५ हजार रुपये ठेवले. बघणारे डोळे कमी असले की असंच होतं. फोटो नसेल तर गेटच्या आतलं बाहेर येतच नाही.

मिरजेची सिस्टर:
मी वॉर्डात काम करते. बिहारहून आलेल्या एका पोराच्या बायकोला बातमी कुणी दिली नव्हती. गावाकडं मोबाइलवर फोटो आला. चेहरा ओळखू येत नव्हता, मनगटावरच्या लाल दोऱ्यावरून तिनं ओळखलं. वारणाकाठ, त्या बाईला काय सांगायचं? भाजलेल्या पेशंटला जंतुसंसर्गाचा केवढा धोका असतो, आणि लोक मोबाइल घेऊन कॉटपर्यंत येतात.

वारणाकाठ:
ताई, चेहरा दाखवू नये, हे शंभर टक्के मान्य. पण गेट, धूर, उशिरा आलेली गाडी हे दिसलंच पाहिजे.

ठेक्यावरचा माणूस:
फोटो कशाचा काढायचा यावर कुणीच बोलंना. रसायनाच्या पिंपावरच्या लेबलचा फोटो काढा आणि थेट डॉक्टरांना पाठवा. आत काय होतं ते कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. दुसरं, हजेरीच्या वहीचं पान. अपघात झाल्यावर त्याच दिवशी ईएसआयला, म्हणजे कामगार विम्यात, नाव घालणारे ठेकेदार आम्ही बघितलेत. काही ठिकाणी तर 'हा आमचा माणूसच नाही' म्हणतात. अशा वेळी हजेरीचं पान आणि गेटपास, एवढाच पुरावा हातात राहतो. हे ग्रुपवर टाकू नका, वही गायब होईल. युनियनच्या माणसाकडं द्या.

कुपवाडकर:
हेच म्हणतोय मी. गोंगाट कमी, कागद जास्त. आणखी एक. गळतीचा त्रास कारखान्याबाहेरच्या वस्तीला झाला तर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. कामगार त्यात येत नाहीत, त्यांची भरपाई वेगळी. बाहेरच्यांनी मात्र कंपनीची चूक सिद्ध न करताही कलेक्टरकडं अर्ज करता येतो. मुदत पाच वर्षं.

वारणाकाठ:
कायदा १९९१ चा, पण आमच्या गल्लीत आज कळतोय, तोही मोबाइलवरच! मग मोबाइलला दोष कशाला? अर्ज कुठं करायचा हे तरी टाका की सगळ्या ग्रुपवर.

कुपवाडकर:
टाकतो. पण मदतीच्या नावाखाली आलेले क्यूआर कोड पुढं ढकलू नका. खातं पेशंटच्या किंवा घरच्यांच्या नावावर आहे का, फोन करून विचारा. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

ठेक्यावरचा माणूस:
वारणाकाठ, गेटचा व्हिडिओ टाकणाऱ्या पोराचा पास दुसऱ्या दिवशी बंद होतो. त्याच्या घरची चूल कोण पेटवणार?

वारणाकाठ:
म्हणून तर म्हणतो, आतल्यानं टाकूच नये. आम्हा बाहेरच्यांकडं पाठवा. आमच्या नावानं टाकू, नोटीस आली तर आम्ही बघू.