परसात पपई लावायची आहे: पुसा नन्हा की तैवान ७८६?

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला रो हाऊस आहे. मागच्या अंगाला काळ्या मातीचा छोटा तुकडा, फार तर तीन झाडं बसतील. भिंतीवर दुधीचा वेल आहे. पपई लावायची हे नक्की, पण बियाण्यावर घरात एकमत नाही.

सासरे म्हणतात, पुसा नन्हाच लावा. झाड बुटकं, फळं हाताशी, शिडी नको. हे पटतं. पण तिच्यात नर-मादी झाडं वेगळी, साधारण निम्मी-निम्मी निघतात, आणि फुलं येईपर्यंत काही कळत नाही. एक नर्सरीवाला छातीठोकपणे सांगतो, "रोपाच्या पानावरून ओळखून देतो." माझा काही विश्वास बसत नाही. तैवान ७८६ मध्ये झाडं मादी किंवा उभयलिंगी, म्हणजे सगळीच फळणारी. मात्र बी महाग, आणि संकरित असल्याने फळातलं बी पुन्हा लावून तेच मिळेल याची खात्री नाही.

कोणी दोन्ही लावून पाहिल्या आहेत का? आणि लावायची कधी? आपल्याकडची डिसेंबरची थंडी रोपं सोसतील का?

प्रतिसाद:

दादा, तीनच जागा असतील तर सरळ ७८६ घ्या. नन्हा लावलीत तर परागीभवनासाठी एक नर राखावा लागेल, म्हणजे एक जागा तिथेच गेली. शेजारी कुणाकडे नर पपई असेल तर गोष्ट वेगळी.

सासऱ्यांचा मान राखायचाच असेल तर एका खड्ड्यात तीन-तीन रोपं लावा. नराची फुलं लांब देठांवर झुपक्याने लोंबतात. मादीचं फूल खोडाला चिकटून, बुडाशी चांगलं टपोरं. ओळख पटली की नको ती उपटा. पानावरून ओळखणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

७८६ ला गोल फळं आली तर फसवलं म्हणू नका, ती मादी झाडाची. लांबट असतात ती उभयलिंगी झाडाची. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाची फुलं कधीकधी फळ न धरताच गळतात, तेव्हा घाबरू नका.

लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. थंडी येईपर्यंत झाड चांगलं अंग धरतं. काळ्या मातीत पाणी तुंबलं की बुंधा सडतो, म्हणून उंचवटा करूनच लावा. आणि तो दुधीचा वेल आधी काढा. पपईवरचा रिंगस्पॉट व्हायरस मावा ही कीड पसरवते, आणि हा व्हायरस काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही राहतो.