स्वस्तातल्या पंखावाल्या ओटीजीकडून नीट काम कसं करून घ्यावं?

नवशिकी
मंडळी, घरात १९ लिटरचा, १३०० वॅटचा साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. वरचा रॉड, खालचा रॉड, दोन्ही, दोन्ही अधिक पंखा असे चार पर्याय, २५० अंशांपर्यंतचा नॉब आणि ६० मिनिटांचा टायमर. कृतीतलं तापमान काटेकोर पाळूनही केक वरून फुटतो, काळपट होतो आणि मध्ये ओलाच राहतो. नानकटाई मागच्या रांगेत करपते, पुढची पांढरी राहते. पनीर टिक्क्याला तर डागच पडत नाहीत, नुसतं पाणी सुटतं. महागडा ओव्हन घेण्याआधी यातूनच काय साधता येईल? आणि पंखा नेमका कधी लावायचा?

सांडशी
नॉबवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पहिलं काम ते. या किमतीच्या ओटीजीत तापमान सांभाळते ती नॉबमागची बायमेटलची (दोन धातूंची, तापली की वाकून रॉड बंद करणारी) पट्टी. ती बसवलेली असते बाजूच्या पॅनेलमध्ये, म्हणजे आतली हवा तापल्याचं तिला उशिरा कळतं आणि निवल्याचंही उशिराच. त्यामुळे नॉब १८० वर असला तरी आतलं तापमान १६५ ते १९५ असं झुलत असतं. शिवाय सरासरीच २० अंशांनी वर किंवा खाली असणं अगदी सर्रास आढळतं.

ओव्हनमध्ये टांगायचा तबकडीचा थर्मामीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. तो मधल्या जाळीवर, भिंतींना न टेकवता ठेवा. नॉब १५० वर, २५ मिनिटं थांबा, मग रॉड चालूबंद होताना दिसणारा सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे तुमचं खरं तापमान. हेच १८० आणि २२० ला करा. तीन आकड्यांची चिठ्ठी ओटीजीशेजारच्या भिंतीवर चिकटवली की काम झालं.

थर्मामीटर नको असेल तर साखर वापरा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. वाटीत चमचाभर साखर घालून नॉब १७५ वर ठेवला आणि १५ मिनिटांत ती वितळायला लागली, तर तुमचा ओव्हन जास्त तापतोय. १९० वर ठेवूनही दाणे तसेच कोरडे राहिले तर कमी तापतोय.

तिखटमीठ
सांडशीताईंना दुजोरा. एक भर घालते. दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे प्रीहीट झालं, म्हणजे ओव्हन आधी पुरता तापला, असं नाही. तोवर रॉड सलग पेटलेले असतात, हवा गरजेपेक्षा जास्त तापलेली आणि पत्रा मात्र अजून थंड. अशा वेळी केक आत गेला की वरून लगेच पापुद्रा धरतो, आतलं पीठ नंतर फुगतं आणि तो पापुद्रा फोडून वर येतं. दिवा दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबा. काही मॉडेलांत दिवा टायमर चालू असेतोवर जळतच राहतो, तिथे पट्टीचा ‘टक्’ आवाज ऐकायचा.

नानकटाईचं कोडं ब्रेडने सुटेल. पूर्ण जाळीवर पांढऱ्या ब्रेडच्या चकत्या एकाला एक लावून मांडा, १८० वर दोन्ही रॉड, ८ ते १० मिनिटं. कुठली चकती आधी लाल होते ते बघा, हाच तुमच्या ओव्हनचा नकाशा. बहुतेक ओटीजींत मागची बाजू जास्त तापते, कारण पुढच्या काचेच्या दाराला रबरी पट्टी नसते आणि उष्णता तिथून निसटते. उपाय सोपा: अर्धा वेळ झाला की ट्रे फिरवायचा.

पोळपाट
पंख्याबद्दल. महाग कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये पंख्याभोवती स्वतःचा गोल रॉड असतो. इथे तसा नसतो, वरखालच्या रॉडांची गरम हवाच पंखा ढवळतो. तरीही फरक भरपूर पडतो. पंखा लावल्यावर कृतीतलं तापमान १५ ते २० अंशांनी कमी करा आणि वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून लक्ष ठेवा.

नानकटाई, बिस्किटं, भाजलेल्या भाज्या, चिवड्याचे पोहे, दाणे यांना पंखा हवाच. केकला नको. लहान ओव्हनमध्ये पंखा एका बाजूला असल्याने पातळ पीठ दुसऱ्या बाजूला कलतं आणि वरचा थर लवकर सुकतो.

पंख्याचा फायदा हवा तर ट्रेच्या चारही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर मोकळे ठेवा. ओव्हनबरोबर आलेला ट्रे बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत असतो. तो वापरला की खालची हवा वर येतच नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. नानकटाईसाठी लहान ॲल्युमिनियमचा ट्रे घ्या आणि तो जाळीवर ठेवा. काळा नॉनस्टिक ट्रे तळ लवकर लाल करतो, तो असेल तर आणखी १० अंश कमी.

सांडशी
केकला पंखा नको हे मला सरसकट पटत नाही. पहिली २० मिनिटं नको, हे खरं. पीठ एकदा धरलं की १५० वर पंखा लावून शेवट केला तर रंग एकसारखा येतो. ज्या ओव्हनमध्ये एक कोपरा फार तापतो तिथे तर पंख्याशिवाय गत्यंतर नाही.

पोळपाट
दार उघडून तो कलला नाही ना हे बघायची तयारी असेल तर करा. माझा कौल रॉड बदलण्याला. १९ लिटरला ६ इंची, तीन इंच उंच डबा पुरे. ७ इंची बसतो, पण भिंतीजवळ जातो. पीठ अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच. डबा थेट खालच्या जाळीवर, ट्रेवर नाही, आणि डब्याची कड वरच्या रॉडपासून किमान ८ सेंटीमीटर लांब. प्रीहीट दोन्ही रॉडवर १७० ला, केक आत गेल्यावर फक्त खालचा रॉड २५ मिनिटं, मग दोन्ही रॉडवर १० ते १२ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. एवढ्याशा पोकळीतली गरम हवा एका झटक्यात बाहेर जाते आणि केक मध्ये बसतो. तरीही वरून रंग जास्त येत असेल तर फॉइलचा तुकडा सैल टाका, पण कडा डब्याखाली दुमडा. फॉइल उडून रॉडला चिकटला की रॉड खराब होतो.

दही-सोड्याचा बिनअंड्याचा केक असेल तर ओव्हन तयार होईपर्यंत दही-सोडा एकत्र करूच नका. वायू भांड्यातच निघून जातो.

नवशिकी
बरंच स्पष्ट झालं, आभार. खाली चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरला तर साफसफाई सोपी होईल का? आणि पनीरचं आणि लादीपावाचं राहिलं.

तिखटमीठ
फॉइल अजिबात नको. खालच्या रॉडची उष्णता परत त्याच्यावरच उलटते आणि तळाचे पदार्थ करपतात. ट्रे दर वेळी झटकायचा, चिकट झाला तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट अर्धा तास लावून ठेवायची. रॉडला पाणी किंवा तारेची घासणी लावू नका.

पनीरची गोम पुन्हा त्या बायमेटलच्या पट्टीतच आहे. ओव्हन पूर्ण प्रीहीट करून पनीर ठेवलं की पट्टी म्हणते, पुरे झालं, आणि ऐन गरजेच्या वेळी वरचा रॉड विझतो. मग पनीर लाल होण्याऐवजी वाफाळतं. म्हणून टिक्क्याला फक्त वरचा रॉड, नॉब २५० वर, प्रीहीट जेमतेम ५ मिनिटं. सर्वात वरची जाळी, पनीर आणि रॉडमध्ये ४ ते ५ सेंटीमीटर. खाली गळणारं तेल धरायला ट्रे. ७ मिनिटांनी उलटा, एकूण १२ ते १४ मिनिटं.

पाणी सुटतं ते मसाल्यातून. २५० ग्रॅम पनीरला १०० ग्रॅम चक्का (साधं दही नाही), चमचाभर भाजलेलं बेसन, मोठा चमचा मोहरीचं तेल. मीठ सळईत ओवायच्या ऐन आधी.

पोळपाट
लादीपाव ७ इंची चौकोनी डब्यात: मैदा २५०, निम्मं दूध निम्मं पाणी मिळून १६५ मिली, इन्स्टंट यीस्ट ४, मीठ ५, साखर १५, लोणी २५ ग्रॅम. लोणी पीठ मळून झाल्यावर शेवटी. ५० ग्रॅमचे ९ गोळे होतात. दुसऱ्यांदा फुगून एकमेकांना टेकले की वरून दुधाचा हात, १९० वर खालची जाळी, दोन्ही रॉड, १५ ते १८ मिनिटं. काढल्यावर लोणी लावून ओलसर फडक्याखाली, नाहीतर वरचा थर कडक होतो.

पिझ्झ्याला किंवा कुलच्याला एक युक्ती: जाड लोखंडी तवा, प्लास्टिकच्या दांड्याशिवायचा, खालच्या जाळीवर उलटा ठेवून २५० वर अर्धा तास तापवा. रॉड विझला तरी तवा उष्णता धरून ठेवतो, तळ कच्चा राहत नाही.

कोकणवाला
विजेकडे कोणी बघितलं नाही. १३०० ते १५०० वॅट म्हणजे साडेपाच ते साडेसहा अँपिअर. गीझरसारखा १६ अँपिअरचाच प्लग हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि व्होल्टेज २३० चं २०० झालं तर रॉडची उष्णता जवळजवळ पाव भागाने घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. गावाकडे संध्याकाळी दिवे मंदावतात तेव्हा केक टाकू नका, दुपारी करा.

न्यूजर्सीकर
इकडून जाताना कोणी टोस्टर ओव्हन भारतात नेत असेल तर नेऊ नका. तो १२० व्होल्टचा असतो, २३० वर लावला तर साडेतीनपटीहून जास्त वॅट ओढतो आणि लगेच जळतो. १८०० वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा तिथला ओटीजी स्वस्त. इंग्रजी कृतीत ‘ब्रॉइल’ म्हणजे फक्त वरचा रॉड, आणि ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सियस.

नवशिकी
चिवड्याचे पोहे आणि दाणे किती अंशांवर?

तिखटमीठ
पातळ पोहे १२० वर, पंखा, १० ते १२ मिनिटं, थर एक सेंटीमीटरच्या वर नको, मध्ये एकदा वरखाली करा. जास्त तापलं की आकसतात. दाणे १६० वर १५ ते २० मिनिटं, दर ५ मिनिटांनी हलवून. एखादा दाणा फोडून आत फिकट बदामी दिसला की लगेच बाहेर काढा, गरम ट्रेवर ते भाजतच राहतात. दहा मिनिटांहून कमी वेळ लावायचा असेल तर टायमर आधी २० च्या पुढे नेऊन मागे आणा, नाहीतर स्प्रिंग पुरती ताणली जात नाही आणि घंटा वाजत नाही.

कोकणवाला
पावसाळ्याचं सांगून ठेवतो. रॉडच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती दमट हवेतून ओल ओढते. महिनाभर बंद राहिलेला ओटीजी लावला की घरातला ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. ईएलसीबी किंवा अर्थिंग बाजूला करून चालवू नका. मेकॅनिककडून रॉडचं इन्सुलेशन तपासून घ्या. ओल असेल तर रॉड वाळवून परत वापरता येतो, तुटला असेल तरच बदलावा लागतो. तुटलेला ओळखायला प्लग काढून आणि रॉडची एक वायर सोडवून मल्टीमीटर लावा: ६५० वॅटच्या रॉडला ८० ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा, काहीच दिसलं नाही तर आतली तार गेली. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा १५ मिनिटं १५० वर रिकामा चालवला तर ही वेळ सहसा येत नाही.