कळीचा चुना पाण्यात खदखदतो, युरियानं पाणी गार पडतं. ही उष्णता येते कुठून, जाते कुठं?

मोसंबीवाला, अंबड (जि. जालना)

राम राम मंडळी. बुरशी लागू नये म्हणून मोसंबीच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावायलो. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, हे माप सगळ्यांना ठाऊक आहे. माझा प्रश्न मापाचा नाही.

ढेकळावर पाणी टाकलं की आधी काहीच होत नाही. मग बारीक तडे जातात, सुस्स आवाज येतो, अन् बघता बघता सगळं खदखदायला लागतं. जाळ नाही, करंट नाही, तरी वाफ तोंडावर येते. उलट ड्रिपमधून सोडायला युरिया विरघळवला की ड्रम बाहेरून गार लागतो, पावसाळ्यात तर त्याला पाण्याचे थेंब सुटतात. लेक दहावीला आहे. तिच्या पुस्तकात एकाला उष्मादायी म्हटलंय, दुसऱ्याला उष्माग्राही. नावं कळली, पण एवढी उष्णता चुन्यात होती कुठं? अन् युरिया ती कामून ओढून घेतो?

अजून एक. गोणीत राहिलेला जुना चुना भिजवला तर कोमटसुद्धा होत नाही. त्यातली गर्मी उडून गेली का?

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, लातूर

भाऊ, प्रश्न फार चांगला विचारलात. आधी एक गोष्ट लेकीला पक्की करून द्या: बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. ‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ असं बारावीची मुलंही लिहितात, ते साफ उलटं आहे. कुठल्याही अभिक्रियेत तोडणं आणि जुळणं दोन्ही होतं. जुळताना मिळालेली ऊर्जा जास्त भरली तर भांडं तापतं, तोडायला लागलेली जास्त भरली तर गार पडतं.

आता तुमचा चुना. तो भट्टीतून आलाय. चुनखडी सुमारे 900 अंशांना भाजतात तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडीला या कामासाठी 178 किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि हाती 56 ग्रॅम चुना येतो. त्याच 56 ग्रॅमवर तुम्ही पाणी टाकता तेव्हा सुमारे 65 किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे जाळ होताच, तो भट्टीवाल्यानं आधीच लावला होता.

किलोभर चुन्याचा हिशेब केला तर साडेअकराशे किलोज्यूलच्या पुढं जातो. पाच लिटर पाणी त्यानं 55 अंशांनी तापेल. ढेकळाच्या फटीत पाणी थोडं आणि उष्णता सगळी तिथंच, म्हणून तेवढं पाणी उकळून उडतं. म्हणून सांगतो, वाकून बघू नका, डोळ्यांना चष्मा लावा. हा गरम शिंतोडा डोळ्यात गेला तर भाजतोच, शिवाय चुन्याचा तिखट अल्कधर्म बुबुळ खातो. गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहा आणि दवाखाना गाठा.

जुन्या वाड्यांची डागडुजी करणारा, छत्रपती संभाजीनगर

सर, 178 मधून 65 परत आले. बाकीचे कुठं गेले?

आम्ही चुना खड्ड्यात विरवतो, म्हणजे पाणी घालून फोडतो, आणि वर पाणी ठेवून मुरू देतो. पाण्याखाली तो लोण्यासारखा मऊ राहतो, घट्ट होत नाही. भिंतीला लावला की हवेनं हळूहळू दगड होतो, आणि जाड गिलाव्यात हे काम वर्षानुवर्षं चालतं. पण भिंत गरम झालेली कधी हाताला लागली नाही.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, लातूर

उरलेले 113 तुमच्या भिंतीतच मिळतात! विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, त्यात 113 किलोज्यूल बाहेर पडतात. 65 आणि 113 मिळून 178. इतक्या सावकाश निघतात की भिंत ते हवेला देऊन टाकते, हाताला काही कळत नाही. वाट एका टप्प्याची असो की दोन, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची बेरीज तीच येते, हा जर्मेन हेस यांचा 1840 चा नियम. मला रसायनशास्त्रात याच्याइतकं देखणं फार थोडं वाटतं. शिकवायला चुनखडीसारखं उदाहरण नाही, आणि ती आपल्या रानात पावलोपावली आहे. (जास्त झाली की मोसंबी पिवळी पाडते, ते दुःख अंबडकरांना सांगायला नको.)

बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड

युरियाचं मी सांगतो, काका. स्फटिकातले युरियाचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सुटं करायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी पाण्याशी जुळताना परत मिळत नाही. तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते. किलोभर युरियाला सुमारे 250 किलोज्यूल लागतात, पाच लिटर पाणी त्यानं दहा-अकरा अंशांनी उतरतं. तरी तो विरघळतो, कारण रेणू सगळ्या पाण्यात विखुरले की अव्यवस्था वाढते, आणि निसर्ग नुसत्या उष्णतेकडं बघून चालत नाही, त्या वाढीलाही महत्त्व देतो. शास्त्रात तिला एन्ट्रॉपी म्हणतात. गार पाण्यात युरिया सावकाश विरघळतो, म्हणून ढवळत राहा, नाहीतर तळाशी राहतो.

मोसंबीवाला, अंबड

लेकीला वाचून दाखवलं, तिनं 65 अन् 113 ची बेरीज वहीत उतरवून घेतली. आता जुन्या चुन्याचं सांगा सर. वापरू का फेकू?

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, लातूर

गर्मी उडाली नाही, गोणीतच सावकाश निघून गेली. हवेतला ओलावा घेऊन चुना आतल्या आत विरला. थोडा चुना घेऊन लिंबू पिळा. जोरात फसफसला तर त्याची पुन्हा चुनखडी झाली आहे, बोर्डोला घेऊ नका. फसफसला नाही तर तो नुसता विरलेला आहे, चालेल. पण त्यात पाण्याचं वजन आलेलं असतं, म्हणून एक किलोच्या जागी सव्वा ते दीड किलो घ्या. शंका वाटली तर नवा आणा, मोरचूद त्याहून महाग पडतो.

मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका. चुना पूर्ण निवल्यावरच दोन्ही एकत्र करा, गरम मिसळलं तर कण जाड होतात आणि साका खाली बसतो. शेवटी घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस पूट चढलं तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुन्याचं पाणी थोडं थोडं वाढवा आणि विळा घासून परत बघा. पूट चढायचं थांबलं की लावायला घ्या, आणि त्याच दिवशी संपवा.