'द लिटल प्रिन्स'मधला कोल्हा: माणसाळवण्याची ती रीत खऱ्या प्राण्याला लागू पडते का?

माळकरी

आंत्वान द सांतेक्झुपेरीच्या 'द लिटल प्रिन्स'मधला (१९४३) कोल्हा राजपुत्राला आपणहून सांगतो की मला माणसाळव, आणि ते कसं करायचं हेही शिकवतो. आधी जरा लांब गवतात बसायचं. बोलायचं नाही. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहणार. रोज थोडं जवळ सरकायचं, आणि यायची वेळ रोज तीच ठेवायची. वाचणारे याकडे मैत्रीचं रूपक म्हणून बघतात. माझं म्हणणं असं की रूपक बाजूला ठेवलं तरी रीत अगदी बरोबर आहे.

माळावर खोकडाच्या, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या माळरानी कोल्ह्याच्या, बिळाशी निरीक्षणाला बसणारा हेच करतो. उजाडायच्या आत जाऊन बसायचं. वारा बिळाकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरायची. सुरुवातीला शंभर-दीडशे मीटरच्या आत जायचं नाही. उभं राहायचं नाही, उघड्या माळावर उभी आकृती लांबूनही उठून दिसते. दुर्बीण उचलायची ती सावकाश. खोकडाने खाणं थांबवून मान वर केली की ती त्या दिवसाची हद्द, तिथून पुढे सरकायचं नाही. जागा किंवा वेळ बदलली तर आधीचे दिवस फुकट जातात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या अख्ख्या प्रसंगात राजपुत्र कोल्ह्याला घासभरही खायला घालत नाही. हे लिहिणाऱ्याला प्राणी कळत होता.

तिन्हीसांजा

असहमत. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. तुम्ही सांगताय ती सवय: प्राणी तुम्हाला धोका समजायचं सोडतो, बस. पुस्तकातल्या कोल्ह्याला नातं हवंय, आणि नात्यासाठी वय निघून गेलेलं असतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा सायबेरियात नोवोसिबिर्स्कला आहे. आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये तिथे चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. हे कोल्हे म्हणजे लाल कोल्ह्याचाच काळसर रंगाचा प्रकार, तोही पिढ्यान् पिढ्या फरसाठी पिंजऱ्यात वाढलेला. पिल्लू महिन्याचं झालं की चाचणी सुरू: माणूस हातात खाऊ घेऊन पुढे येणार, अंगाला हात लावायला बघणार. दर महिन्याला हेच, सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत. जी पळत किंवा चावत ती तळच्या वर्गात. सगळ्यांत माणसाळू अशा मोजक्यांनाच पुढची वीण, नरांमध्ये शंभरात पाचांहूनही कमी. माणसाचा सहवास मुद्दाम मोजका ठेवला होता, म्हणजे दिसेल तो फरक रक्तातला.

शेपूट हलवणारी, माणसासाठी कुंईकुंई करणारी पिल्लं वेगळ्या वर्गात घालावी लागली ती सहाव्या पिढीत. दहाव्या पिढीत अशी १८ टक्के होती, विसाव्या पिढीत ३५ टक्के. आणि मुद्द्याची गोष्ट ही: निवड न केलेल्या पिल्लात भीती साधारण सहाव्या आठवड्यात जागी होते, निवडलेल्यांत ती नवव्या आठवड्यापर्यंत लांबते. ओळख पक्की व्हायची ती या खिडकीत, भीती जागी होण्याआधीच्या काळात. पुस्तकात सफरचंदाच्या झाडाखाली भेटलेला वाढलेला कोल्हा ती खिडकी केव्हाच ओलांडून आलेला आहे.

माळकरी

प्रयोग मान्य, निष्कर्ष नाही. बेल्यायेव यांनी जात बदलली. कोल्हा राजपुत्राला एकट्यापुरतं सांगतोय. आपल्या भाषेत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. 'पाळीव' हा जातीचा गुण, 'माणसाळलेला' एका जनावराचा. वाढलेला कोल्हा माणसाच्या हातातून घास घेतो हे ब्रिटनमधल्या शहरांत नेहमीचं आहे, आणि त्यासाठी सहा पिढ्या लागलेल्या नाहीत.

दुसरं, पावलांचं. कोल्हा म्हणतो, बाकी पावलांचा आवाज आला की मी बिळात जाईन, तुझ्या पावलांनी बाहेर येईन. गवताखालची उंदराची खसखस ऐकून नेमकी उडी टाकणारा प्राणी आहे हा. दोन माणसांची चाल त्याला वेगळी ओळखता येणं अजिबात अशक्य नाही.

शेपूटगोंडा

वाद पुढे न्यायच्या आधी प्राणी कोणता ते ठरवा, कारण इथे चार जनावरं एका नावाखाली आली आहेत.

कथेतली जागा पाहिली तर तो युरोपातला लाल कोल्हा: कोंबड्या, गव्हाची शेतं, द्राक्षमळे, बंदूकवाले शिकारी. चित्रातले लांब कान मात्र फेनेकची आठवण करून देतात. फेनेक म्हणजे सहारातला दीड किलोच्या आतला कोल्हा, कान पंधरा सेंटिमीटरच्या घरात. लेखकाचा त्याच्याशी संबंध खरा होता. १९२७-२८ मध्ये तो सहाराच्या किनाऱ्यावरच्या केप जुबीच्या विमानतळाचा प्रमुख होता आणि एक फेनेक पाळत असल्याचं त्याने बहिणीला पत्रात कळवलं होतं.

तिसरा आपला कोल्हा. हा लाल कोल्हा-फेनेकच्या गटातलाच नव्हे, तो लांडग्या-कुत्र्यांच्या जवळचा. वजन आठ-दहा किलो, उसात राहणारा, आणि ज्याच्यामुळे 'कोल्हेकुई' शब्द आला तो. चौथं खोकड: दोन-तीन किलोचं, मुरमाड माळावर अनेक तोंडांचं बीळ करणारं, किडे, उंदीर आणि बोरं खाणारं. ते कोल्हेकुई करत नाही, चिरकं भुंकतं. राजपुत्राचा मित्र खोकडाच्या कुळातला, तेव्हा मराठीत त्याला खोकडच म्हणावं.

ओवी

याला माझा ठाम विरोध. प्राणिशास्त्रात तुम्ही बरोबर, भाषेत नाही. इसापनीती मराठीत आली तेव्हापासून द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हाच आहे. खरं तर पंचतंत्रातला शृगाल आणि इसापचा प्राणी हे दोन वेगळे, पण मराठी मुलाच्या मनात ते केव्हाच एक झालेत. त्या पानावर ही ओळख लागते: कोल्हा म्हटला की लबाडी येणार असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि येतो एकटा, कंटाळलेला, खरं बोलणारा जीव. 'खोकड' लिहिलं तर शहरातल्या मुलाच्या मनात काहीच उमटत नाही. तळटीप द्या, चित्राखाली चार ओळी द्या, पण संवादात कोल्हाच राहू दे.

शेपूटगोंडा

शब्दच वापरला नाही तर तो उमटणार कसा? लोकांना नाव माहीत नाही म्हणून खोकड दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याचा माळ 'पडीक' ठरून नांगराखाली जातो. एका पुस्तकाने हे थांबणार नाही हे मलाही कळतं, तरी नाव चालतं ठेवायचं काम पुस्तकंच करू शकतात.

तिन्हीसांजा

माळकरी, हातातून घास घेणाऱ्या ब्रिटिश कोल्ह्यांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो, कारण तिथे सगळं खाऊवर चालतं. घराघरांतून खाणं मिळालं की थोड्या जागेत जास्त कोल्हे मावतात, आणि दाटीत रोग वेगाने पसरतो. ब्रिस्टलमध्ये १९९४ ला खरजेची साथ आली आणि शहरातले ९५ टक्क्यांहून अधिक कोल्हे गेले.

आपल्याकडे त्यात कुत्र्यांची भर. बिळापाशी पोळी ठेवा, तिचा वास आधी गावातल्या कुत्र्यांना लागतो. ती आली की सोबत डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि रेबीज. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अन्नाची ताटं ठेवून प्रयोग झाला, तेव्हा जवळ कुत्रं असलं की खोकडाचं खाणं कमी आणि सावधपणा जास्त असं दिसलं. शिवाय वन्यप्राणी पाळणं हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

खाऊ नाही दिला तरी माझा मूळ आक्षेप राहतोच. राजपुत्र निघून जातो, बंदूकवाले तिथेच राहतात. पुस्तकातला कोल्हा शिकाऱ्यांचा दिनक्रम पाठ करून जगतो: गुरुवारी ते गावातल्या मुलींबरोबर नाचायला जातात, म्हणून त्या दिवशी तो द्राक्षमळ्यापर्यंत फिरून येतो. भीती हीच त्याची शिदोरी. एका माणसापुरती कमी झालेली भीती त्या एकापुरतीच राहील याची हमी कोण देणार? ज्याला माणसाळवलं त्याची जबाबदारी कायमची, असं तोच कोल्हा शेवटी सांगतो, आणि ते ऐकून राजपुत्र त्याच्याकडे नाही, आपल्या फुलाकडे परततो. हे मला आजही खुपतं.

माळकरी

हा आक्षेप जड आहे. भीती किती पसरून कमी होते हे जागेवर ठरतं. जिथे माणसं येतात पण त्रास देत नाहीत तिथे ती सगळ्यांबद्दलच घटते, आणि शिकार किंवा फासे असलेल्या भागात हे घातक. म्हणून माझ्या रीतीत मी एक बदल मान्य करतो: ठरलेली वेळ, शांत बसणं, नजर न रोखणं हे ठेवायचं, रोज जवळ सरकणं गाळायचं. ज्या अंतरावर खोकड आपलं खाणं न थांबवता चालू ठेवतं, तिथेच मुक्काम.

तिन्हीसांजा

फेब्रुवारी ते एप्रिल तेवढंही नको. बिळात पिल्लं असतात, आणि वावर जाणवला की मादी त्यांना तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या बिळात हलवते. उघड्या माळावरच्या त्या दोन-तीन फेऱ्यांत कुत्र्याने गाठलं तर पिल्लू गेलंच. त्या काळात बिळाच्या तोंडाशी ताजी माती आणि बारीक पावलं दिसली की वाट बदलावी.