मदत हवी आहे: आर्गस सी३, अकरा फोटो जळालेले आणि फोकस मागे. शटर बिघडलंय की मीच?

मंडळी, मी मिशिगनमध्ये राहतो. गेल्या महिन्यात इथल्या एका गराज सेलमध्ये १५ डॉलरला आर्गस सी३ मिळाला. कॅमेरा इथलाच. अ‍ॅन आर्बरमध्ये १९३९ ते १९६६ एवढी वर्षं बनत होता आणि २० लाखांहून जास्त विकला गेला. इथले लोक याला ‘वीट’ म्हणतात. हातात घेतला की कारण विचारावं लागत नाही. कोपऱ्यांना गोलाई अशी नाहीच, तळहाताला टोचतात. पुढे उघडी दातेरी चाकं: मोठं चाक बोटाने फिरवायचं, मधलं छोटं चाक ती फिरकी लेन्सकडे पोचवतं. एका भोकातून फोकस, शेजारच्या भोकातून चौकट. महागडा जर्मन लायका कॅमेरा परवडत नाही म्हणून घेतला हे खरं, पण आता जीव जडलाय.

पहिला रोल कोडॅक गोल्ड २००. प्रकाश मोजायला मीटर नाही, म्हणून भर उन्हात छिद्र एफ/११ आणि शटर १/३०० सेकंद असा अंदाज धरला. ३६ पैकी ११ निगेटिव्ह काळीकुट्ट, म्हणजे प्रकाश फारच जास्त. बाकीचे बरे. दोनांवर दोन-दोन फोटो चढलेत, तो माझाच वेंधळेपणा (शटर ताणणं आणि फिल्म पुढे नेणं ही यात वेगळी कामं आहेत).

दुसरं दुखणं फोकसचं. सहा फुटांवर बसलेल्या बायकोवर रेंजफाइंडरमधल्या (फोकससाठी अंतर जुळवायचं भोक) दोन्ही अर्ध्या प्रतिमा नीट जुळवल्या, पण फोटोत ती धूसर आणि मागचं कुंपण खणखणीत. तिची प्रतिक्रिया इथे देत नाही. रेंजफाइंडरमध्ये चंद्र मात्र अनंतावर (सर्वात लांबच्या खुणेवर) बरोबर जुळतो. उघडू का? घड्याळाचे स्क्रू-ड्रायव्हर आहेत, अनुभव शून्य.

प्रतिसाद १
उघडू नका. बटण दाबताना उजव्या हाताची बोटं कुठे असतात ते आधी बघा. शटर ताणायची पुढची दांडी फोटो निघताना परत वर येते. तिला बोट आडवं आलं की शटर अडखळतं आणि उघडंच राहतं. सी३ घेणारा प्रत्येक जण एक रोल यात घालवतो. बटणाभोवतीची कडी ‘बी’वर (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) सरकली नाही ना, तेही पाहा.

प्रतिसाद २
बोटाचं पटतं. फोकसचं वेगळं आहे. रेंजफाइंडर मोठ्या चाकाला जोडलेला असतो, लेन्स मात्र मधल्या चाकातून फिरते. चंद्र जुळतोय म्हणजे रेंजफाइंडर ठीक. आधीच्या मालकाने लेन्स काढून परत बसवताना दाते चुकवले असणार. खात्री अशी करा: फिल्म काढा, मागचं दार उघडा, फिल्म जिथे टेकते तिथे दुधी चिकटपट्टी ताणून लावा. कडी ‘बी’वर, छिद्र एफ/३.५, चाक अनंतावर. बटण दाबून धरा आणि पट्टीवर लांबचा टॉवर भिंगाने बघा.

मूळ लेखक
आधी बोटाचं. रिकाम्या कॅमेऱ्यावर वीस वेळा शटर मारलं. माझं मधलं बोट बरोब्बर दांडीच्या वाटेत असतं! मुद्दाम आडवं धरलं तर ‘खट्’ऐवजी ‘ख...ट’ येतो. आता बोटं खाली दुमडून धरतोय.

पट्टीवर टॉवर धुरकट, आणि मधल्या चाकाच्या स्क्रूवर जुने ओरखडे आहेत. म्हणजे कोणीतरी हात घातलाय.

प्रतिसाद २
मग तेवढा एकच स्क्रू काढा. मधलं चाक बाजूला ठेवा, मोठं चाक अनंतावरच राहू द्या. टॉवर पट्टीवर धारदार दिसेपर्यंत लेन्स हाताने फिरवा आणि ती न हलवता चाक परत बसवा. खाली पांढरा टॉवेल अंथरा. स्क्रू चिमुकला आहे, गालिच्यात गेला तर सापडणार नाही.

मूळ लेखक
जमलं! फक्त दोन दाते चुकले होते. स्क्रू दोनदा पडला, दोन्ही वेळा टॉवेलवर. नवा रोल भरलाय, पण बायको परत सहा फुटांवर बसायला तयार नाही.