मदत हवी आहे: वजनासाठी गोळी की इंजेक्शन?

नाशिककर मंडळी, जरा सांगा ना, माझं वजन ९६ किलो, दोन वर्षांपासून शुगर पण आहे, डॉक्टर म्हणाले सेमाग्लुटाइड (शुगर आणि वजन कमी करणारं औषध) सुरू करू, गोळी की इंजेक्शन ते तुम्ही घरी विचारून ठरवा. गोळी म्हणजे रायबेल्सस, ती रोज सकाळी उपाशीपोटी, पाणी जेमतेम अर्धा कप आणि मग अर्धा तास चहासुद्धा नाही, इथे माझी सिडकोतून अंबडला पहिली शिफ्ट असते हो! इंजेक्शन आठवड्यातून एकदाच, पण पेन फ्रिजमध्ये ठेवायचं (दारात आधीच सासूबाईंचं इन्सुलिन आहे) आणि सुई बघूनच मला घाम फुटतो. मळमळ दोन्हीत होते म्हणे. गोळीवरून इंजेक्शनवर कोणी गेलंय का, काय फरक पडला? आणि रविवारची मिसळ झेपते का, खरं सांगा.